खाली अजून लोखंड आहे

प्रा. जुबेदा शिकलगार यांची आणि माझी पहिली भेट एका विळीमुळे झाली. या गौरवग्रंथात ज्यांचे लेख आहेत त्यांतल्या बहुतेकांना मॅडम परिसंवादात, ग्रंथालयात, नाहीतर अभ्यास मंडळाच्या बैठकीत भेटल्या असणार. मला त्या पिंपरीच्या बाजारात धार लावायच्या दुकानात भेटल्या आणि पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी मला मूर्खात काढले. संपादकांनी मला "सूर जरा गंभीर ठेवा" असे दोनदा बजावले आहे. मी प्रयत्न करतो. पण मॅडमविषयी लिहायचे आणि एकदाही हसायचे नाही, हे मला जमेलसे वाटत नाही.

मी मूळचा परंड्याकडचा. इंग्रजी घेऊन बी.ए. झालो, गावाकडे त्या इंग्रजीला कुत्रे विचारीना, म्हणून भोसरीतल्या एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, लागलो. नुकतेच लग्न झाले होते. घरातली विळी बोथट झाली तेव्हा सुनीताने, म्हणजे माझ्या पत्नीने, ती बाजारातून धार लावून आणायला सांगितले. आता रात्रंदिवस लोखंड कापणाऱ्या माणसाने विळी दुसऱ्याकडे न्यायची, म्हणजे अब्रूचाच प्रश्न. मी ती गुपचूप कंपनीत नेली, ग्राइंडरवर दाबून धरली आणि अशा ठिणग्या उडवल्या की शेजारच्या मशीनवरचे दोघे बघायला आले. घरी आणली तेव्हा पाते लखलखत होते आणि कडेला छान निळसर झाक आली होती. मला ती शोभिवंत वाटली. दोन दिवसांत त्या विळीवर टोमॅटोसुद्धा चिरेना. "कंपनीत पण असंच काम करता का?" एवढेच सुनीता म्हणाली. मी विळी पिशवीत घातली आणि बाजाराची वाट धरली.

दुकानात चाकापाशी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांच्या शेजारी स्टुलावर चष्मा लावलेल्या एक बाई होत्या, मांडीवर उशीएवढे जाड इंग्रजी पुस्तक. गृहस्थांनी पाते बघितले आणि बाईंपुढे धरले.

"ग्राइंडरवर लावलीत ना? पाणी न मारता?" बाईंनी विचारले.

मी खांदे उडवले. "नशीब आपलं. दुसरं काय!"

"वा! जाळली तुम्ही, आणि नाव नशिबाचं?"

माझी कीव येऊन ते गृहस्थच म्हणाले, "जाऊ दे बेटा. जेवढी जळाली तेवढी गेली. खाली अजून लोखंड आहे." आणि त्यांनी चाकावर पाणी सोडून, अगदी सावकाश, तो निळा भाग घासून काढायला सुरुवात केली.

हे मॅडमचे वडील. पुढे आम्ही सगळे विद्यार्थी त्यांना अब्बाच म्हणत असू. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या हत्यारांना धार लावायचे काम. तलवारी गेल्या, मग कात्र्या, सुऱ्या, विळ्या आल्या. कॉलेज सुटले की मॅडम वडिलांच्या सोबतीला दुकानात येऊन बसत आणि तिथेच दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत. विळी होईपर्यंत त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. शिक्षण किती? पुढे का नाही शिकलात? शिफ्ट कुठली? थर्ड शिफ्ट असली की सकाळी सुटतो, असे मी सांगितले. "मग बरंच आहे. आमचं कॉलेज सकाळचंच असतं," त्या म्हणाल्या. तासाभरात विळीला धार लागली आणि आठवडाभरात माझे नाव इंग्रजीच्या एम.ए.च्या वर्गात.

त्या वर्गासारखा वर्ग मी नंतर कुठेही पाहिला नाही. आम्ही नऊ जण होतो आणि नऊच्या नऊ जण कुठल्या ना कुठल्या कंपनीत कामाला. निम्मे तर शिफ्ट संपवून तसेच गणवेशात, हाताला तेलाचा वास घेऊन येत. मॅडमचा खास विषय प्राचीन इंग्रजी. हजार-बाराशे वर्षांपूर्वी इंग्लंडात राहणाऱ्या अँग्लो-सॅक्सन लोकांची भाषा. आजच्या इंग्रजांनासुद्धा ती कळत नाही, मग आम्हाला काय कळणार? पण मॅडमनी शक्कल काढली होती. त्या कवितेला ठेका फार, म्हणून त्या आम्हाला उभे करत आणि बाकावर मूठ आपटत मोठ्याने म्हणायला लावत. झोप कशी येईल? पहिल्या महिन्यात एकदा कॉलेजचा वॉचमन काठी घेऊन धावत आला. "काय मारामारी लागली का हो?" मॅडम म्हणाल्या, "लागली होती, पण हजार वर्षांपूर्वी. तुम्ही बसा, बघा कोण जिंकतंय." तो खरोखरच बसला.

या सगळ्या अभ्यासाच्या मुळाशी एक शब्द होता आणि मॅडमनी उभे आयुष्य त्या एका शब्दावर घालवले, असे म्हटले तरी चालेल. तो शब्द म्हणजे 'विर्ड'. त्या लोकांचे दैव. बोचरी थंडी, खवळलेला समुद्र, कायमच्या लढाया. आज ज्या लाकडी सभागृहात शेकोटीभोवती बसून जेवलो ते उद्या उभे असेल की नाही याची खात्री नाही. असे जगणाऱ्या माणसांना दैवाची आठवण होणारच. पण मॅडमचे म्हणणे, त्यांचे दैव आणि आपले दैव यांत एक फरक आहे. आपली सटवाई बाळाच्या पाचवीला येते आणि कपाळावर सगळे लिहून मोकळी होते. विर्ड आधी काही लिहून ठेवत नाही. तिच्या नावाचा मूळ अर्थच 'घडलेले', 'होत आलेले'. जे घडून गेले ते सगळे एकत्र होऊन माणसाला पुढे रेटत असते. त्यातले काही पुसता येत नाही आणि मरण तर राजालाही चुकत नाही. पण ज्याची वेळ अजून भरलेली नाही त्याने छाती शाबूत ठेवली, तर विर्डसुद्धा त्याला वाट करून देते, अशी त्या लोकांची समजूत होती. मॅडम हेही सांगत की विर्ड आणि आपले 'वर्तन' हे दोन्ही शब्द फार जुन्या काळी एकाच घरातून निघाले. त्यांना या गोष्टीचा एवढा आनंद होई की वर्षातून चारदा तरी त्या ती नव्याने सांगत.

हे सगळे पहिल्यांदा ऐकले त्या दिवशी आमच्यातले सगळ्यात थोरले विद्यार्थी काळूरामभाऊ मागच्या बाकावरून बोलले. काळूरामभाऊ चाकणजवळच्या एका गावचे. आसपासच्या शेतांत कंपन्या आल्या आणि भाऊ त्यांतल्याच एका कंपनीत मशीनवर लागले.

"म्हंजी मॅडम, हे लेथसारकंच हाय की," ते म्हणाले. "घेतलेला कट परत येत न्हाई. पर जॉबवर मटेरियल हाय, तवर सेटिंग आपल्या हातात."

मशीनवर लावलेल्या लोखंडाच्या तुकड्याला आम्ही जॉब म्हणतो. एकदा जास्त कापला गेला की गेला. पण अजून जाड असेल तर सुधारायला वाव असतो. मॅडमनी खडू खाली ठेवला. "भाऊ, परत म्हणा," असे म्हणून त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिले आणि आम्हा सगळ्यांकडून त्याचे इंग्रजी करून घेतले. संध्याकाळी दुकानात जाऊन त्यांनी ते अब्बांनाही सांगितले. अब्बा म्हणाले, "मग मी इतकी वर्षं काय सांगतोय तुला?"

मॅडमच्या वर्गात 'नशीब' या शब्दाला मज्जाव होता असे नव्हे. त्यांना तो शब्द आवडायचा. तकदीर, किस्मत, प्रारब्ध, सगळेच आवडायचे. फक्त आळसाला कुणी त्या शब्दाचे पांघरूण घातले की त्यांचा पारा चढे. बस चुकली म्हणून कुणी नशिबाला बोल लावला की त्या विचारत, "बस चुकली हे झालं. चालत का नाही आलास?" अशी बोलणी खाल्लेला माणूस पुढे कधीच उशिरा येत नसे, निदान तेच कारण सांगून तरी नाही.

दुसऱ्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. दिवस पुरे भरले नव्हते, त्यामुळे पिंपरीच्या हॉस्पिटलात बाळाला बरेच दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले. मॅडम रोज तास संपला की तिकडे यायच्या. सुनीतासाठी डबा आणायच्या, मला दरडावून घरी झोपायला पाठवायच्या आणि स्वतः बाकड्यावर निबंध तपासत बसायच्या. बाळ घरी आल्यावर माझ्या आईने राहिलेली पाचवी करायचे ठरवले. पाटावर पूजा मांडली, सटवाईला लिहिण्यासाठी कोरा कागद आणि पेन ठेवले. मॅडमना बोलावणे होतेच. आई जरा घुटमळली आणि हळूच मला म्हणाली, "आपल्या सटवाईला चालतंय का रं?"

मॅडमचे कान तिखट. त्या म्हणाल्या, "बाई, मला तिला भेटायचंच आहे. इंग्लंडात तिची एक लांबची बहीण असावी असा माझा संशय आहे."

आईला ते नाते लगेच पटले. तिने मॅडमना पाटाजवळ बसवून घेतले आणि सटवाईची जेवढी माहिती होती तेवढी सगळी सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम पुन्हा मुद्दाम आल्या आणि कागद उचलताना आईला म्हणाल्या, "बघा, कोराच आहे. म्हणजे पोरीला जागाच जागा."

"कोरा कशाचा, लिवलंय सगळं," आई म्हणाली. "आपल्याला दिसत न्हाई एवढंच."

मॅडम खो खो हसल्या. त्या आठवड्यात वर्गात त्यांनी हा संवाद जसाच्या तसा सांगितला आणि आपण साफ हरलो असे जाहीर केले. विद्वत्ता आणि हार मानण्याची हौस एकत्र नांदताना मी फक्त त्यांच्यापाशी पाहिली आहे.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला तो सांगतो. आमची शेवटची परीक्षा झाली. प्रश्नपत्रिकेत अँग्लो-सॅक्सन दैवकल्पनेवर एक मोठा प्रश्न होता. मॅडमनी आम्हाला नेहमी बजावले होते, की पुस्तकातली उदाहरणे सगळेच देतात, तुम्ही तुमच्या कामातले द्या. आमची चूक एवढीच झाली की नऊच्या नऊ जणांनी आज्ञा पाळली. प्रत्येकाने आपापल्या इंग्रजीत लेथ लिहिला, घेतलेला कट लिहिला आणि जॉबवरचे मटेरियल लिहिले. तपासणाऱ्या बाहेरच्या परीक्षकांनी कधी लेथ पाहिलेला नव्हता. प्राचीन इंग्रजांच्या दैवावरच्या उत्तरात सलग नऊ वेळा लेथ आल्यावर त्यांनी जे करायला हवे तेच केले. निकाल राखून ठेवण्यात आला. शेरा होता सामूहिक कॉपीचा.

माझी अवस्था काय झाली ते सांगायला हवे. आमची कंपनी परराज्यात चालली होती आणि मशिनींबरोबर माणसे न्यायची नव्हती. ताथवड्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इंग्रजी शिकवायची जागा मला तोंडी कबूल झाली होती. अट एकच, सत्र सुरू होण्याआधी एम.ए.चा निकाल दाखवायचा. घरात तान्ही पोर. निकाल नाही तर नोकरी नाही, आणि कॉपीचा शिक्का बसला तर पुढे कुठल्याच वर्गात उभे राहता येणार नाही. मॅडमचे निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. एवढ्या वर्षांच्या सेवेनंतर शेवटी कॉपी करवणाऱ्या बाई म्हणून घरी जायची वेळ त्यांच्यावर आली होती.

प्राचार्यांच्या दालनात चौकशी बसली. समितीचे तिघे आणि ते परीक्षक टेबलापलीकडे. अलीकडे मॅडम आणि भिंतीला टेकून आम्ही नऊ जण. अध्यक्ष स्वभावाने सज्जन होते आणि त्यांना प्रकरण मिटवायचे होते. ते म्हणाले, "मॅडम, सोपा मार्ग आहे. तुम्ही लिहून द्या की हे उत्तर तुम्ही तयार करून मुलांना पाठ करायला दिलं होतं. मुलांचा दोष राहणार नाही. निकाल लागून जाईल. तुमच्यावर ठपका येईल खरा, पण नाहीतरी तुम्ही आता..." पुढचे त्यांनी गिळले.

मॅडमनी पेनाचे टोपण काढले. त्या आमच्याकडे वळून, वर्गात बोलत तशाच आवाजात म्हणाल्या, "माझं काय व्हायचं ते होऊन गेलंय. माझ्या जॉबवर आता मटेरियल उरलेलं नाही. तुमच्या जॉबवर पुष्कळ आहे."

मी प्रामाणिकपणे लिहितो, मला हायसे वाटले. एका क्षणापुरते का होईना, ताथवडे डोळ्यांसमोर आले, पोर आली. आणि त्याच क्षणी भिंतीपासून काळूरामभाऊ पुढे झाले.

"मॅडम, टोपन लावा पेनाला."

"भाऊ, तुम्ही मध्ये बोलू नका."

"न्हाई कसं बोलू? ते वाक्य माझं हाय. म्या बोल्लो वर्गात." भाऊ अध्यक्षांकडे वळले. "सायेब, तुमी म्हंता ते मॅडमनी लिवून दिलं तर ते खोटं व्हईल. खोट्यावर आमाला पास व्हायचं न्हाई."

परीक्षक म्हणाले, "एका माणसाचं वाक्य नऊ जणांच्या पेपरात कसं येतं?"

"आता काय सांगावं राव! एका वर्गात बसल्याव एकमेकाचं आयकायचं बी न्हाई व्हय?"

मॅडमनी आम्हाला शिकवले होते की त्या जुन्या लढवय्यांत एक गोष्ट सगळ्यात मोठी मानली जाई. धनी संकटात असला की मागे हटायचे नाही, मग विर्ड जिकडे न्यायची तिकडे नेवो. आम्ही ते पाठ केले होते, मूठ आपटत म्हटले होते. पण ते खरे करून दाखवायची वेळ प्राचार्यांच्या दालनात, पंख्याखाली येईल असे कुणाला वाटले होते? माझे पाय आपोआप पुढे गेले. मी म्हणालो, "सर, माझी नोकरी या निकालावर अडकली आहे. तरी मॅडमनी सही करू नये असंच माझं म्हणणं आहे." मग एकेक करून बाकीचे सातही पुढे आले.

मॅडमनी टोपण लावले. पेन टेबलावर ठेवले. "मग एक करा," त्या समितीला म्हणाल्या. "यांना तोंडी विचारा. मी जे शिकवलंच नाही असं काहीतरी विचारा. आणि मी इथे बसत नाही, नाहीतर म्हणाल डोळ्यांनी खुणावलं." आणि त्या उठून बाहेर गेल्या. दार त्यांनी स्वतः ओढून घेतले.

परीक्षक विद्वान होते आणि सरळ होते. त्यांनी थोडा विचार केला आणि एकच प्रश्न सगळ्यांना टाकला. शेवटी हार ठरलेली आहे हे ज्याला माहीत आहे, त्याने लढावे कशासाठी? पहिला गडी गडबडला. "साहेब, थर्ड शिफ्ट करून आलोय, प्रश्न परत सांगता का?" असे तो म्हणाला तेव्हा परीक्षकच हसले आणि खोलीतला ताण थोडा सैल झाला. मग एकेक जण बोलत गेला. कुणी अडखळले, कुणी मराठीत सुरू करून इंग्रजीत संपवले. एकाने तर चक्क सांगितले की त्याला हे पटतच नाही, हरायचे ठरले असेल तर तो पळून जाईल. परीक्षकांनी त्याच्याशी पाच मिनिटे वाद घातला आणि दोघेही खूश झाले. काळूरामभाऊ म्हणाले की कंपन्या येणार हे गावात सगळ्यांना दिसत होते, पण म्हणून त्यांच्या वडिलांनी शेवटच्या वर्षी पेरायचे सोडले नाही. "का पेरलं, तर पेरायचा वकत हुता म्हनून." माझी पाळी आली तेव्हा लेथ माझ्या ओठांवर येऊन परत गेला. मी विळी सांगितली. ग्राइंडर, निळी झाक, सुनीताचे वाक्य आणि अब्बांचे वाक्य. त्या टेबलापलीकडची चारही माणसे विळीवर भाजी चिरणाऱ्या घरांतली होती. नऊ जण, नऊ उत्तरे, आणि कॉपीचे नाव पुन्हा कुणी काढले नाही.

परीक्षकांनी काहीतरी लिहिण्यासाठी खिसे चाचपले. पेन सापडेना. टेबलावर मॅडमचे पडले होते. त्यांनी तेच उचलले, टोपण काढले आणि नऊही निकाल जाहीर करावेत अशी शिफारस त्याच पेनाने लिहिली. मग स्वतः उठून दार उघडले. मॅडम बाहेर बाकड्यावर ताठ बसल्या होत्या, हातात चहाचा कप तसाच, थंडगार. परीक्षकांनी पेन पुढे केले आणि म्हणाले, "मॅडम, आता मला एकदा लेथ दाखवायला न्या."

मॅडम आमच्यावर प्रचंड चिडल्या. "कुणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला? घरात पोर आहे, अक्कल आहे का?" असे त्या मला म्हणाल्या आणि बोलता बोलताच रडायला लागल्या. आम्हीही रडलो. काळूरामभाऊ तेवढे म्हणाले, "मॅडम, च्या दुसरा सांगू का? ह्यो गार झाला."

निकाल लागला. सत्राच्या पहिल्याच दिवशी मी ताथवड्याच्या वर्गात उभा होतो आणि आजही आहे. अभियंता होऊ घातलेल्या पोरांना मी ई-मेल कसा लिहावा ते शिकवतो; अधूनमधून, कुणाचे लक्ष नाही असे पाहून, विर्डही शिकवतो. जी पोर काचेच्या पेटीत होती ती आता दहावीत आहे. वर्गात जाऊन मॅडमसारखीच बाकावर मूठ आपटते, अशी तक्रार माझ्यापर्यंत आली आहे. आणि ते परीक्षक खरोखर आले. काळूरामभाऊंनी त्यांना लेथ दाखवला, गॉगल घालायला लावला आणि एक कट त्यांच्या हातून घेववला. तो बिघडला. भाऊंनी जॉब बघितला आणि म्हणाले, "असू द्या सायेब, मटेरियल हाय अजून."

मॅडम निवृत्त झाल्या त्या मान उंच ठेवून. निरोपाच्या दिवशी कॉलेजचा तो वॉचमनसुद्धा भाषणाला उठला. त्यानंतर लोक म्हणाले, आता आराम करा. त्यांनी सांगवीच्या घराच्या गच्चीवर रविवारचा वर्ग सुरू केला, ज्याला वाटेल त्याने यावे. अब्बा गेल्यावर दुकानातले ते चाक त्यांनी घरी आणले आणि गच्चीच्या कोपऱ्यात ठेवले. गच्चीवरच त्यांनी सटवाई आणि विर्ड या दोघी बहिणींवरचा ग्रंथ पुरा केला. अर्पणपत्रिकेत माझ्या आईचे नाव आहे, "जिला कोऱ्या कागदावरचे दिसत होते" अशा शब्दांत. आईला वाचता येत नाही. पण ते पान तिने देव्हाऱ्यात उघडे ठेवले आहे.

मागच्या वर्षी मॅडमच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. आम्ही सगळे हॉस्पिटलच्या बाहेर उभे होतो आणि मी, त्यांचा विद्यार्थी, चक्क नशिबाच्या नावाने हात जोडत होतो. त्यांना बोलू नका म्हणून सांगितले होते. भेटायला सोडल्यावर त्यांचे पहिले वाक्य होते, "रविवारी कोण कोण आलं नव्हतं?" तीन महिन्यांनी गच्चीवरचा वर्ग पुन्हा भरला. चाकणहून बसने येणारे काळूरामभाऊ सगळ्यांच्या आधी हजर होते.

मॅडम, आज तुम्ही पंचाहत्तरीत पाऊल ठेवता आहात. मोठ्यांना आशीर्वाद द्यायचे नसतात, त्यामुळे मी सटवाईकडे मागणे मागतो आणि विर्डकडेही, दोघींपैकी जी ऐकेल तिने ऐकावे. तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, पायऱ्या चढून गच्चीवर जाण्याएवढे बळ पायांत राहो, आणि आम्हाला मूर्खात काढण्याचा उत्साह तसाच राहो. राहिली एक गोष्ट. प्राचार्यांच्या दालनात पेनाचे टोपण काढून तुम्ही म्हणाला होतात की माझ्या जॉबवर आता मटेरियल उरलेले नाही. त्यानंतर एक ग्रंथ झाला, एक वर्ग उभा राहिला, आमच्या पोरांची एक पिढी तुमच्या हाताखालून गेली, आणि रविवार अजून चालूच आहे. तुम्ही आम्हाला आयुष्यभर चुका दाखवल्यात, आज आम्हाला तुमची एक दाखवू द्या. मॅडम, तुमचे माप चुकले होते.